नावेत उभं राहायचं नाही

मला विचाराल तर लखनौतल्या मराठी माणसांना नदीतलं ओ की ठो कळत नाही, आणि त्याची त्यांना काडीची खंत नाही. बँकेतून, कंपनीतून, पलटणीतून बदली होऊन आलेली ही माणसं. गोमती त्यांना दिसते ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. वर्षातून एकदा मात्र ही मंडळी पाण्यात जातात, अनंत चतुर्दशीला, होडीत बसून. बसून म्हणतो खरा, पण सगळं बिनसलं ते त्या बसण्यावरूनच.

मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. फौजेत इंजिनिअर पलटणीत होतो आणि उमेदीची वर्षं होड्यांवर काढली. रबरी होड्या, सपाट बुडाच्या होड्या, मागे इंजिन लावायच्या होड्या. पुरातून माणसं काढायची, पलीकडच्या तीरावर सामान पोचवायचं आणि नव्या जवानांना होडी हाकायला शिकवायचं, हे माझं काम. शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं. निवृत्त झाल्यावर गावी जाऊ म्हणालो तर बायको म्हणाली, "गावी आता ओळखतं कोण आपल्याला? इथे निदान मंडळ तरी आहे." म्हणून वृंदावन योजनेत घर घेतलं आणि इथलेच झालो.

मंडळ म्हणजे महानगर नावाच्या मोहल्ल्यातला एक हॉल, चार लोखंडी कपाटं आणि वर्षभर चालणारी भांडणं. पण गणपती जोरात. पूर्वी मूर्ती गोमतीच्या मधल्या धारेत नेऊन सोडत. नदीत मूर्ती सोडायला बंदी आली, काठावर खड्डा खणून त्यात विसर्जन करायचं ठरलं, आणि जुन्या मंडळींचा जीव कासावीस झाला. देवाला नदी न दाखवता खड्ड्यात कसं घालायचं? मग तोड निघाली. मूर्ती होडीत ठेवायची, मधल्या धारेपर्यंत न्यायची, तिथे आरती करायची, परत आणायची आणि मग काठावर विसर्जन. याला आमच्याकडे फेरी म्हणतात. हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पहिल्या वर्षी मी ती फेरी काठावरून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. भाड्याची होडी, तिच्यात मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं, मध्ये मूर्ती. धारेत पोचल्यावर कुणीतरी निरांजन पेटवलं आणि सगळे झटकन उभे राहिले. आरती म्हटली की मराठी माणूस उभा राहतो, त्याला सांगावं लागत नाही. पण जमिनीवर उभं राहणं वेगळं आणि पाण्यावर वेगळं. माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचं वजन होडीच्या पोटात असतं. तो उभा राहिला की तेच वजन वर जातं आणि होडीला आडवं व्हायला निमित्त पुरतं. त्यात हे टाळ्या वाजवत डुलत होते, आणि त्यांच्याबरोबर होडीही डुलत होती. त्या वर्षी काही झालं नाही. काही झालं नाही हीच खरी पंचाईत, कारण त्यामुळे माणसांना वाटतं की काही होतच नाही.

दुसऱ्या वर्षी मीच पुढे झालो. म्हटलं, होडी मी चालवतो. कमिटी खूश झाली. फौजी माणूस, शिस्तीचा, शिवाय फुकट.

माझे नियम काही मी शोधून काढलेले नव्हते. पाण्यावर काम केलेला कुठलाही माणूस हेच सांगेल. चढताना एकेकाने चढायचं आणि पाय होडीच्या मधोमध टाकायचा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, देवाच्या पुजाऱ्यालासुद्धा. एक हात आपल्या कामाला, एक हात होडीला. निघताना आधी प्रवाहाच्या उलट जायचं, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी पाणीच आपल्याला घरी आणून सोडतं. इंजिन बंद करायच्या दोरीचं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलं हवं. वल्हं जवळ हवंच, कारण गोमतीत जलपर्णी माजलेली आहे, आणि ती पंख्यात अडकली की इंजिन असून नसल्यासारखं. आणि नावेत उभं राहायचं नाही. आरती काठावर करायची ती हवी तेवढी उभ्याने करा, हवं तर नाचा. होडीत चढलात की बसायचं.

निघण्याआधी मी एक झेंडूचं फूल पाण्यात टाकायचो आणि ते कसं जातं ते बघायचो. मंडळातल्या बायकांना वाटायचं, मी नदीची पूजा करतो आहे. मी पाण्याचा वेग बघत असायचो. पण तो गैरसमज मी मोडला नाही, कारण त्यामुळे त्या निदान तेवढा वेळ गप्प बसायच्या.

माझी बायको आरतीला पुढे असते. आवाज चांगला आहे, आणि तिला तो चांगला आहे हे ठाऊक आहे. होडीत मूर्तीच्या शेजारी ताट घेऊन बसायचा मान तिचा. तिला पोहता येत नाही. मुलगी परदेशी गेल्यापासून ती या एका दिवसाची वर्षभर वाट बघते. दिवाळीला नवी साडी घेणार नाही, पण फेरीला घेईल. खरं सांगायचं तर मी होडी हातात घेतली ती तिच्यासाठी. देवाची मला काळजी नव्हती. मातीची मूर्ती, पाण्यात गेली तर जिथे जायची तिथेच जाईल. मला काळजी होती ती त्याच्या शेजारी बसलेल्या बाईची.

काही वर्षं निभावलं. पण कुरकुर कधी थांबली नाही. जॅकेटमुळे पैठणी झाकली जाते. फोटोत सगळे पूरग्रस्त दिसतात. देवापुढे बसून टाळ्या वाजवायला लाज वाटते. एक आजी तर मला तोंडावर म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत कुणी बसून आरती केली नाही." मी म्हटलं, "तुमच्या सात पिढ्या होडीत बसल्या होत्या का?" घरी येईपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही.

मग नवे अध्यक्ष आले. बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, बोलायला गोड. त्यांचा जावई चिनहटच्या एका कंपनीत इंजिनिअर. जन्म लखनौचा, मराठी कळतं पण बोलतो हिंदीत. हा गोव्याला सुट्टीवर गेला असताना काही दिवस मोटरबोट शिकून आला होता. झालं. सभेत चहा आला, सामोसे आले आणि अध्यक्ष म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं तुम्ही सेवा केलीत. आता जरा आराम करा. यंदा आमचे जावईबापू फेरी करतील."

मी म्हटलं, "करू देत की. नियम तेच ना?"

अध्यक्ष हसले. "नियम म्हणजे काय, थोडं लोकांच्या भावनेचंही बघावं लागतं. आरती धारेत, उभ्याने, पूर्वीसारखी. लोकांची इच्छा आहे."

मी जावयाकडे वळलो. "तुम्हाला पटतंय हे?"

"अरे काका, टेंशन मत लीजिए," तो म्हणाला. "बोट बिलकुल स्टेबल है. मैंने गोवा में समंदर में चलाई है, ये तो गोमती है."

ये तो गोमती है. हे वाक्य मी अजून विसरलो नाही. समुद्राला माणूस भितो म्हणून जपून राहतो. बुडतो तो अशाच पाण्यात, ज्याची त्याला किंमत वाटत नाही. सभेत एकानेही तोंड उघडलं नाही. अध्यक्षांचा शब्द एक वेळ मोडता येतो, पण जावयाला कोण काय बोलणार? त्याला तर सामोसासुद्धा आधी.

घरी आल्यावर मी बायकोला स्पष्ट सांगितलं, "यंदा तू होडीत जायचं नाहीस."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "का?"

"का म्हणजे? पोहता येतं का तुला?"

"तुम्हाला काढलं म्हणून मी जायचं नाही?"

"मला काढल्याचं काही नाही."

"अहो, असं कसं नाही? चेहरा बघा आरशात." मग तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. "सगळ्या जातायत. दरवर्षी ताट माझ्या हातात असतं. यंदा मी घरी बसले तर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. नवऱ्याचा मान गेला म्हणून बायको रुसली. मला नाही ते ऐकून घ्यायचं. आणि देवाच्या होडीला काय होणार आहे?"

फौजेत माझ्या एका शब्दावर जवान होडीत आडवे पडायचे. घरात मला माझ्या बायकोला काठावर थांबवता आलं नाही. याचा राग मला तेव्हाही आला होता आणि आजही येतो.

चतुर्दशीला पाणी चढलेलं होतं. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. मी सवयीने झेंडूचं फूल टाकलं. ते माझ्या डोळ्यांदेखत भरभर पुलाच्या दिशेने निघून गेलं. मी जावयाला हाक मारून म्हटलं, "आधी वरच्या बाजूला घ्या. खाली पूल आहे."

"काका, फोटो उधर अच्छे आएँगे, पुल के पास," तो म्हणाला. इंजिनाची दोरी त्याने मनगटाला बांधली नव्हती, हँडलला गुंडाळून ठेवली होती. वल्हं काठावर पडलेलं होतं. विचारलं तर कळलं, पायांत येत होतं म्हणून काढलं. मूर्ती मधोमध नाही, तर होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे फोटोत आधी देव येईल. जॅकेटांचा ढीग तसाच गाडीत.

मी त्यातलं एक आणलं आणि बायकोला घालायला गेलो. ती कुजबुजली, "सगळे बघतायत." मी म्हटलं, "बघू दे." तिने हात वर केले नाहीत, खालीही केले नाहीत. मी लहान मुलासारखे तिचे पट्टे बांधले आणि वरून शाल पांघरली. मग सगळे होडीत चढले, एकाच वेळी, एकाच बाजूने. होडी पाण्यात केवढी बसली ते बघून माझा तोल सुटला. मी ओरडलो, "असे उभे राहिलात तर ही उलटेल, सांगून ठेवतो! मग मोरया म्हणायलाही तोंड पाण्याच्या वर राहणार नाही!"

जयजयकार चालू होता तो थांबला. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, शुभ बोला हो, देव निघालाय." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. होडी निघाली, आणि निघाली ती प्रवाहाबरोबर, खाली.

पुढचं सगळं मी काठावरून बघितलं. धारेत पोचल्यावर जावयाने इंजिन बंद केलं. का, तर आरतीत आवाज नको. सगळे उठले आणि देव पुढे म्हणून पुढे सरकले. होडीचं पुढचं टोक खाली गेलं, मागचं वर आलं. कुणाचंच पाण्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे मूर्तीवर, आणि पूल जवळ येत होता. मी बोंबललो. काठावर आमचंच ढोलपथक जोरात होतं, माझा आवाज माझ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

काठाला एक छोटी वल्ह्याची होडी होती. मी तिच्यात उडी मारली आणि वल्हवत सुटलो.

जावयाला पूल दिसला असावा. त्याने इंजिन चालू केलं. पंखा अर्धा हवेत, अर्धा पाण्यात, आणि पाण्यात इथे जिला जलकुंभी म्हणतात ती आणि आपणच टाकलेले हार. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि गप्प झालं. मग कुणीतरी किंचाळलं आणि जो तो पुलाच्या खांबापासून लांब, म्हणजे दुसऱ्या बाजूला, धावला. होडी खांबाला आडवी लागली. वजन सगळं एकीकडे. पाणी आत आलं. माझी बायको पुढे होती, मूर्तीपाशी. दोन्ही हातांत ताट. होडी धरायला तिच्याकडे हातच नव्हता. ती आडव्या फळीवर पडली आणि तिच्या अंगावर बाकीचे पडले, आणि मग सगळे पाण्यात.

बुडालं कुणी नाही. खांबाजवळच जाळी टाकणारे कोळी होते, त्यांनी माणसं ओढून घेतली, काही जण उलट्या होडीला लटकून राहिले. माझी बायको तेवढी पाण्यावर वाहत चालली होती, कारण जॅकेट फक्त तिच्या अंगात होतं. शाल कुठेतरी गेली होती. मी होडी तिच्या खालच्या बाजूला नेऊन आडवी धरली आणि पाण्यानेच तिला माझ्याकडे आणलं. बाजूने वर घेतलं असतं तर आम्ही दोघंही उलटलो असतो, म्हणून मागून घेतलं. वर घेताना ती वेदनेने ओरडली. खुबा मोडला आहे हे मला तेव्हाच कळलं. डोळे उघडल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "मूर्ती कुठंय?"

मूर्ती गेली होती. धारेत, जिथे सोडायला बंदी होती तिथेच.

दवाखान्यात मंडळ भेटायला आलं. ऑपरेशन व्हायचं होतं, पाय वजनाने टांगलेला होता. अध्यक्ष सफरचंदं घेऊन आले. म्हणाले, "बघा वहिनी, बाप्पाची लीला. त्याला धारेतच जायचं होतं. जाताना कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही."

मी तिच्या पायाकडे बघितलं. मी म्हटलं, "आणि हा काय आहे?"

मग त्याच त्या वहिनी हळूच म्हणाल्या, पण माझ्या कानावर पडेल एवढ्या मोठ्याने, "निघताना अभद्र बोलू नये हो. देव ऐकत असतो." दोघीतिघींनी माना हलवल्या. जावई आला नाही. त्याला म्हणे फार शॉक बसला होता, तो पुन्हा गोव्याला गेला होता.

मी वाट बघत होतो की माझी बायको काहीतरी बोलेल. जॅकेट कुणी बांधलं, कुणी काढलं पाण्यातून. इतकं नाही तर निदान हसून विषय बदलेल. ती खिडकीकडे बघत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "तुम्ही तसं बोलायला नको होतं." एवढंच. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसं पाण्यातून काढली, पण असं कुणाकडूनच ऐकून घेतलं नव्हतं.

मी बरोबर होतो. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. मंडळाने फेरी बंद केली आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. इथल्या कपूरथला नावाच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले, म्हणाले, "आता गणपतीत ती मजा नाही राहिली, यार." माझ्याकडे असं बघत म्हणाले की जणू मीच होडीला भोक पाडलं.

यंदा आम्ही घरीच गणपती बसवला. तिला वॉकर घेऊन दोन खोल्यांत हिंडता येतं, पण उभं राहिलं की थोड्याच वेळात पाय कापायला लागतो. डॉक्टर म्हणतात, याहून फार काही सुधारणा होणार नाही. महानगरापर्यंत जायचं ती नावही काढत नाही. मी पाटावर मूर्ती ठेवली, आरास केली, निरांजनात वाती घातल्या. स्वयंपाकघरातली खुर्ची आणून मूर्तीसमोर ठेवली, कारण दुसरा इलाज नव्हता. ती येऊन बसली. ताट तिच्या मांडीवर ठेवलं, बरोबर होडीत ठेवायचो तसं. वात पेटवली आणि मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

तिने सुरुवात केली नाही. ज्योतीकडे बघत राहिली.

"अहो, बसा की," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

मी दुसरी खुर्ची आणली आणि बसलो.